खटावकर नाक्यावर गेले

"कायद्याचं एक तरी पुस्तक वाचलंय का तुम्ही, बाबा?"

"नाही."

"दरांचा तक्ता तरी पाठ आहे?"

"नाही."

"मग लोक कर विचारायला तुमच्याकडं का येतात?"

दस्तगीर बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "मी पण त्यांना तेच विचारतो," ते म्हणाले.

करसल्लागार विद्याधर खटावकर या उत्तरानं आणखीच तापले. मिरजेत त्यांचा पंचवीस वर्षांचा जम होता. कोणत्या राज्यात कोणत्या मालावर किती टक्के, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी दशांश चिन्हासकट सांगत. पण गेल्या दिवाळीपासून त्यांचे अशील एकेक करून गळायला लागले होते. कुठं जातात म्हणून चौकशी केली तेव्हा कळलं, की कर्नाटकच्या हद्दीवर विक्रीकराचा जुना नाका आहे, तो बंद पडलाय, आणि त्याच्या रिकाम्या खोलीत एक फकीर राहतो. सगळे त्याच्याकडं जातात.

हा फकीर पूर्वी त्याच नाक्यावर नोकरीला होता म्हणे. नवा कर आला, नाके उठले, साहेबलोक बदलून गेले. हा तेवढा राहिला.

त्याला उघडा पाडायचाच, असं ठरवून खटावकर भर दुपारी, अंगात कोट घालून, आले होते.

तेवढ्यात रस्त्यानं एक बाई आली. पदरानं घाम पुसत तिनं पिशवी टेकवली आणि बाबांसमोर बसकण मारली.

"बाबा, उद्यापासनं धंदा बंद," ती म्हणाली. "सात बायका कामाला हायत माझ्याकडं. सकाळी सगळ्यांना सांगून टाकलं, घरला जावा म्हणून."

"का गं, निंगव्वा?"

"भाचा म्हणतो, तू माल हितं करतीस आन् तिकडं कर्नाटकात विकतीस, म्हंजे दोन राज्यांचा कर बसणार. वर प्राप्तिकर. आठ लाख चाळीस हजाराची विक्री झाली औंदा. घर इकावं लागंल म्हणतो."

बाबांनी खटावकरांकडं हात केला. "हे साहेब पुस्तकं वाचलेले आहेत. त्यांना विचार."

खटावकर खुलले. हेच तर हवं होतं! त्यांनी बॅगेतून वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि सुरू झाले. राज्यांतर्गत पुरवठा म्हणजे काय. आंतरराज्य पुरवठा म्हणजे काय. केंद्राचा हिस्सा, राज्याचा हिस्सा, आणि माल हद्द ओलांडतो तेव्हा लागणारा एकत्रित कर. नोंदणी कधी, सूट कधी, सूट असूनही नोंदणी कधी. मग प्राप्तिकराचे टप्पे, जुनी पद्धत, नवी पद्धत. वहीची चार पानं भरली. पाचव्यावर त्यांनी बाण काढले.

अर्धा तास झाला.

निंगव्वा बाणांकडं बघत होती. तिचे डोळे हळूहळू भरून आले.

"साहेब," ती म्हणाली, "तुरुंगात जेवाण तरी देत्यात का हो?"

...

खटावकरांनी पेनाला टोपण लावलं.

बाबा जरा पुढं सरकले. "निंगव्वा, तू विकतेस काय?"

"पापड."

"कसले?"

"उडदाचे."

बाबा खटावकरांकडं वळले. "साहेब, पापडावर कर किती?"

खटावकरांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

"काही नाही," ते म्हणाले. "शून्य."

"आणि हद्द ओलांडली तर?"

"तरी... शून्यच."

"नोंदणी?"

"नुसते पापडच विकत असतील, तर नको."

निंगव्वा एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघू लागली. "आन् आठ लाखावरचा प्राप्तिकर?"

"आठ लाख घरी नेलेस?" बाबांनी विचारलं.

"घरी कुटलं? डाळीलाच तीन लाख साठ गेले. तेल, मसाला, पापडखार धरून नव्वद हजार. बायकांची मजुरी एक लाख चाळीस. पिशव्या आन् येष्टी चाळीस हजार."

बोटांवर तिनं इतक्या भराभर सांगितलं, की खटावकरांना लिहून घ्यायलाही जमलं नाही. पण बेरीज त्यांची चूक होणार नव्हती. "दोन लाख दहा हजार उरले," ते म्हणाले. "आणि तुमची दुसरी काही कमाई नसेल, तर त्यावर... त्यावरही काही नाही. मर्यादेच्या खालीच आहात तुम्ही."

"म्हंजे घर?"

"घर तुमचंच."

निंगव्वा ताडकन उठली. "सात जणींस्नी परत बोलवाय पायजे!" पिशवी उचलून ती चालती झाली. वाटेत भाच्याला ज्या शिव्या घालत गेली, त्या वळणापर्यंत ऐकू येत होत्या.

...

खटावकरांनी पाच पानांकडं पाहिलं. एकही आकडा चुकलेला नव्हता. तेच त्यांना जास्त लागलं.

"बाबा," ते हळू आवाजात म्हणाले, "नाक्यावर तुम्ही काय होतात? निरीक्षक?"

"छे. रस्त्यावर आडवा बांबू होता, तो वर उचलायचो. बावीस वर्षं."

"मग हे शिकलात कुठं?"

बाबा उठले. खोलीमागं जुन्या रस्त्यावर तो बांबू अजून होता. एका टोकाला तोलाचे दगड बांधलेले, तिथंच खाली ओढायला दोर. निम्मे दगड गळून पडल्यानं तो उचलायला भलताच जड झाला होता. बाबांनी दोर खटावकरांच्या हातात दिला.

खटावकरांनी ओढला. बांबू करकरत वर गेला. रस्ता रिकामा. वाहनं सगळी नव्या हमरस्त्यानं जात होती.

"सोडू?"

"कोणी गेलं का?"

"नाही."

"मग?"

पाच मिनिटं गेली. दहा गेली. खटावकरांचे दंड भरून आले, कोट पाठीला चिकटला.

शेवटी सायकलवरून एक गृहस्थ आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. कोटातला साहेब दोर ओढून उभा पाहून तो बिचारा घाबरून खाली उतरला.

"आंतरराज्य वाहतुकीच्या बाबतीत..." खटावकरांनी सवयीनं सुरुवात केली. दोर तळव्यात रुतला. ते थांबले. धापा टाकत म्हणाले, "काय घेऊन चाललात हो?"

"काय नाय साहेब. मोकळाच हाय. सासुरवाडीला चाललोय."

"जा, जा!"

तो बांबूखालून गेला. खटावकर घामाघूम होऊन हसत सुटले. किती वर्षांनी ते एवढं कमी बोलले होते!

"बाबा, कळलं मला!" ते ओरडले. "याच्यावर कर शून्य! आता सोडू?"

बाबांनी सायकलच्या दिशेनं पाहिलं, आणि सावलीत जाऊन बसले.

"सासुरवाडीहून परत येईल तेव्हा पुन्हा विचारा, काय घेऊन चाललात. तोवर धरा."