कांद्यासाठी रडणारी माणसं

"सुटका झाल्यावर ही माणसं कांद्यासाठी रडली, मास्तर! याला श्रद्धा म्हणायची?"

रेवदंड्यात मास्तरांच्या ओसरीवर बसून हानोख विचारत होता. पुष्कळ वर्षांपूर्वी तो आईला घेऊन इस्राएलला गेला. आता तिथे मुलांना धर्मशास्त्र शिकवतो, आणि हे कुणाला विसरू देत नाही. त्याला पहिली हिब्रू अक्षरं शिकवली ती एलोजींनी, याच ओसरीवर. एलोजी गावातल्या ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणायचे. पोरांचे मात्र ते मास्तरच.

मास्तर पांढऱ्या कांद्यांची वेणी घालत होते.

"मिसरात फारो राजानं आपल्या पूर्वजांकडून विटा थापून घेतल्या. पोरं नदीत फेकली." हानोखचा आवाज चढला. "देवानं समुद्र दुभंगून सोडवलं. आणि पलीकडे गेल्यावर यांना आठवलं काय? काकडी, टरबूज, कांदा!"

"आणि मासे. मासे विसरलास."

"थट्टा नको, मास्तर."

"बरं, राहिलं. वहिनी कशा आहेत?"



"आई रडायची," हानोख म्हणाला. "इथली विहीर, शनिवार पाळून बंद असायचा तो आपला तेलाचा घाणा, नवसाच्या मलिद्याचं ताट... रोज तेच. शेवटी मी बजावलं, देवानं आपल्याला त्याच्या भूमीत आणलंय. माझ्या घरात मागच्यासाठी रडायचं नाही."

"मग?"

"रडणं थांबलं. बोलणंही थांबलं. जेवते नावापुरतं." हानोखनं खिशातून फोन काढला. "ती अशीच जाईल हो मास्तर. तुमचा शब्द ती मोडायची नाही. मागे वळून बघणं पाप आहे, एवढं सांगा तिला."

त्यानं फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून तो पुढे धरला.

एलोजींनी समोरच्या आळीकडे पाहिलं. पूर्वी शुक्रवारी संध्याकाळी तिथे घराघरांत दिवे लागायचे. लोक इस्राएलला गेले आणि आता बहुतेक दारांना कुलपं होती. म्हाताऱ्याला गलबलून आलं.

"वहिनी, मी एलोजी. तुमच्या विहिरीला अजून पाणी आहे हो. घाणा गेला. तिथे आता कुणाची तरी स्कूटर उभी असते. यंदा कांदा गोड निघालाय... मलिदा करतो, पण खायला माणसं कुठायत? मलाही रडू येतं. तुम्हीही पोटभर रडा. मग दोन घास खा."

हानोखनं फोन झटकन मागे घेतला.

"हे काय केलंत? मी काय सांगायला सांगितलं होतं!"

सगळं पुसून टाकायला त्याचं बोट पुढे झालं...

"पूस," एलोजी शांतपणे म्हणाले. "पण फारोनं त्यांना राबवलं, झोडपलं, पोटची पोरं ओढून नेली. रडू नका, असं मात्र त्यानंही कधी म्हटलं नव्हतं."