मुंगी नाही

"मग आता तरी नाम द्याल ना, आक्का?"

शिवदासने वही पुढे सरकवली. पौषातली सकाळ होती. तळ्यावरचं धुकं मठीच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. गोधडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्या आक्कांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

हा शिवदास सरकारी मोजणीदार. जन्मभर लोकांच्या बांधांवर साखळी ओढली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या रक्तातली साखर मोजायला बसला. महामारीच्या आदल्या वर्षी तो नाम मागायला आला, तेव्हा आक्का म्हणाल्या होत्या, "आधी जिभेला वेसण घाल, मग ये." गड्याने ते मनावर घेतलं. खरंच घेतलं, उगाच खोटं कशाला बोला.

"महामारीचं अख्खं वर्ष बघा," तो म्हणाला. "उपाशीपोटी एकशे दहाच्या वर आकडा नाही. डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं."

"त्या वर्षी लग्नं किती जेवलास?"

"लग्नं कुठली आक्का... सगळं बंद होतं."

"दारं बंद होती म्हणून चोर आला नाही. त्याला तू पहारा म्हणतोस होय?"

शिवदासला ते झोंबलं.

"दारं थोरल्या भावाचीही बंदच होती. पण त्याला जीभ आवरली नाही. साखर चारशे, त्यात तो रोग... शेवटचं तोंडही बघू दिलं नाही आम्हाला. मी राहिलो, कारण मी मोजत होतो."

भावाची आठवण यायची तेव्हा त्याला रागही यायचा आणि रडूही, आणि दोन्ही तो गिळायचा.

"दारं उघडल्यावर मोजलंस?" आक्कांनी विचारलं.

"रोज. कार्तिकात यंत्राच्या पट्ट्या संपल्या. थंडीत तालुक्याला कोण जातंय? मग वडिलांची रीत धरली. परसात लघवीला जातो, तिथे मुंग्या लागतात का बघतो. साखर असली की मुंग्या आल्याच."

त्याने पानं उलटून दाखवली. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. सुबक अक्षरात एकच नोंद.

मुंगी नाही. मुंगी नाही. मुंगी नाही.

"आणि खाणं?"

"थंडीत भूक लागते हो. एखादी भाकरी जास्त जाते. संक्रांतीचा तिळगूळ झाला... पण मुंगी नाही ना."

"फिरणं?"

"एवढ्या धुक्यात?"



"थंडीत मुंग्या कुठे असतात रे?"

"वारुळात..." म्हणत शिवदासने वहीतले महिने पुन्हा पाहिले.

मग त्याच्या ध्यानात आलं की आक्का त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. वहीकडेही नाही. त्यांची नजर खाली होती.

त्यानेही खाली पाहिलं.

उंबऱ्याच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग निघाली होती. एवढ्या गारठ्यात. साखळी टाकून आखावी तशी सरळ. ती त्याच्या डाव्या पायापर्यंत आली होती, टाचेवरून चढून करंगळीच्या बेचक्यात शिरत होती.

आक्कांनी नैवेद्याच्या वाटीतली चिमूटभर साखर रांगेच्या वाटेवर टाकली.

रांग फुटली, साखरेला वळसा घालून पुन्हा जुळली. एकही मुंगी थांबली नाही.



"कधीपासून... कधीपासून आहेत ह्या?"

"तू वही उघडलीस तेव्हापासून."

त्याने बोटं फाकवून पाहिलं. बेचक्यात जखम होती, ओली, चांगली खोल. कधी झाली, कशाने झाली, त्याला ठाऊक नव्हतं. मुंग्या झटकायला त्याने हात घातला, तशी एक मुंगी हाताच्या बोटाला कडकडून चावली. त्याने हात झटकन मागे घेतला.

पायावर तर शेकड्यांनी चावत होत्या.

आक्कांनी पेन्सिल उचलून त्याच्या हातात दिली.

"लिही."

"काय लिहू?"

"पाय काय म्हणतो ते."

शिवदासने डोळे मिटले. वाट पाहिली. बराच वेळ पाहिली. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याला भीती वाटत होती, भावाच्या वेळी वाटली होती तशी.

"पाय काहीच म्हणत नाही, आक्का..."

"तेच लिही."