चोवीस कोपरे

"पण महाराज, मग चूक आहे कुठं?"

मार्तंडने हे तिसऱ्यांदा विचारलं. दीक्षा उद्यावर आली होती.

अच्युतबुवा पूर्वाश्रमीचे सुतार. त्यांच्या मठात दीक्षेआधी शिष्याने चौकोन-त्रिकोणांचा एक लाकडी गोळा घडवून आणायचा, असा रिवाज. मार्तंड पडला हुशार. त्याने बुवांचा तरुणपणीचा गोळाच समोर ठेवला आणि हुबेहूब तसा केला. मधे आठ बाजूंचं कडं, त्याला खालून चौकोन-त्रिकोणांची एक टोपी, वरून तशीच एक टोपी. सरस लावून पक्का जोडला.

बुवांनी तो हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "हा माझ्यासारखा नाही."

"कोपरे चोवीस," मार्तंड म्हणाला. "प्रत्येक कोपऱ्याला तीन चौकोन, एक त्रिकोण. तुमच्यातही तेच. दहादा तपासलंय."

"बरोबर आहे."

"उठतो तुमच्या वेळेला. बसतो तुमच्यासारखा. जपही तेवढाच. तरी तुम्ही शांत, आणि माझी छाती धडधडत असते... बारा वर्षं झाली, महाराज."

बुवांनी त्याचं बोट धरून आपल्या गोळ्याच्या माथ्यावर टेकवलं.

"चौकोनाचौकोनावरून सरळ खाली चाल."

बोट खाली गेलं, तळाला वळसा घालून पुन्हा माथ्यावर आलं.

"आता तुझ्या."

माथ्यावरचा चौकोन, त्याखालचा, मग कड्यावरचा... पुढे त्रिकोण लागला.

मार्तंडचा चेहरा उतरला. वरची टोपी जोडताना कड्यावर एक घर फिरून बसली होती.

"म्हणजे कुठला कोपरा चुकला?"

"एकही नाही. माझ्यासारखा नाही म्हणालो, चुकलाय म्हणालो नाही."



मार्तंडने पटाशी घेतली. त्याला भीती वाटत होती, रडूही येत होतं.

"मोडतो. आजच्या आज पुन्हा जोडतो. दीक्षा तेवढी पुढे ढकलू नका."

बुवांनी पटाशी काढून घेतली नाही. मार्तंडचा गोळा उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि आपला, चाळीस वर्षं जपलेला, त्याच्यापुढे सरकवला.

"उद्या दीक्षा हवी ना? मग हा मोड."