सुरंगी आणि कलमाचा चाकू

डोंगराच्या कुशीत, जिथे पायवाटसुद्धा दमून बसते, तिथे एक इवलीशी वाडी होती. लाल लाल मातीची, हिरव्यागार गवताची, आणि श्रावणात तर इतकी ओली की कौलांवर शेवाळाच्या मऊ मऊ गाद्या पसरायच्या. त्या वाडीत सुरंगी नावाची नऊ वर्षांची मुलगी मामा-मामींकडे राहायची. तिचे बाबा दूर समुद्रावर बोटीवर कामाला होते, आणि आई दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती.

मामी वाईट होती का? छे हो! गोष्टीतली मामी वाईटच असली पाहिजे असं कुणी सांगितलं? बिचारी सकाळपासून मामाबरोबर शेतात, गुडघाभर चिखलात. घरी आली की दोघं चार घास खायची आणि आडवी व्हायची. सुरंगीशी बोलायचं कुणी? मग ती परसातल्या आंब्याशी बोलायची. "आज मी एकटीने भाकरी थापली हं. जरा करपली, पण खाल्ली मी." आंबा पानं हलवायचा. बस्स, एवढ्याच गप्पा.

आईचं माहेर हीच वाडी, आणि तो आंबा तिचा लाडका. वाडीतली सगळी आंब्याची कलमं आईच बांधायची, पण हे झाड रायवळ होतं, कोयीतून आपसूक उगवलेलं. त्याचे आंबे पिटुकले, केशरी, गालावर गुलाबी ठिपका असलेले. तसली चव दुसऱ्या कुठल्याच झाडाला नव्हती. आई म्हणायची, "याची कोय पेरलीस तर भलताच आंबा येईल गो. हाच हवा असेल तर याची काडी कापून दुसऱ्या रोपावर बांधायला हवी. मोठी झालीस की शिकवीन."

शिकवायचं राहूनच गेलं.

आणि त्या श्रावणात एका सकाळी असा काही वारा सुटला, की आंबा मुळासकट आडवा झाला. सुरंगी धावत गेली. पानं अजून हिरवी होती, पण मुळं आभाळाकडे. ती खोडाला मिठी मारून हमसून हमसून रडली. आता तिने बोलायचं तरी कुणाशी?

मग तिने नाक पुसलं आणि आईचा कलमं बांधायचा चाकू काढला. शिसवी मुठीचा, पितळेच्या चिमुकल्या कडीचा, मिटून खिशात ठेवायचा तो चाकू. दोन वर्षांत पात्यावर गंज चढला होता, धार पार गेली होती. मामा कोयत्याला धार कशी लावतो ते तिने पाहिलं होतं. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, खसाखसा! तिनेही पायरीच्या दगडावर तसंच केलं.

आणि इथेच घोटाळा झाला बरं का! कोयता वेगळा, कलमाचा चाकू वेगळा. कलमाच्या चाकूचं पातं एका बाजूने अगदी सपाट असतं, आणि धार असते ती फक्त दुसऱ्या, उतरत्या बाजूला. म्हणून तर काडीवर काप कसा सरळसोट बसतो. सुरंगीने दोन्ही बाजू घासल्या, आणि सपाट बाजूला चांगलं पोट सुटलं.

तिला बिचारीला काय ठाऊक? तिने आडव्या आंब्यावर कलमाजोग्या मिळाल्या त्या पाचच काड्या तोडल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या. उकिरड्यावर कोयींमधून तांबूस पानांची रोपं वर आली होतीच. रोपाला मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखं टोक काढायचं, ते चिरेत बसवायचं आणि पट्टीने घट्ट बांधायचं, एवढं तिने आईकडून पाहून ठेवलं होतं. पण काप वाकडा! पाचर बसेना, मधून उजेड दिसायचा. अशी जखम भरून येत नाही. एक काडी वाया गेली, दुसरी गेली, तिसरीही गेली.

उरल्या दोन. तोडलेली काडी फार वेळ थांबत नाही. उन्हं उतरायच्या आत बांधली तर बांधली, नाहीतर आईचा आंबा कायमचा संपला.

फडकं सुकायला लागलं होतं, म्हणून सुरंगी चाकू खिशात टाकून, काड्या घेऊन देवराईतल्या झऱ्यावर गेली. तिथे पाणी निळं निळं, काठाला सोनकीची पिवळीधमक फुलं, आणि तेरड्याचा गुलाबी सडा. ती फडकं भिजवणार, तोच कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "अगं, जरा इकडे बघतेस का? घाई असेल तर राहू दे हो."

सुरंगीने वळून पाहिलं. ऐनाच्या झाडाला मधाच्या रंगाचा डिंक आला होता, आणि त्यात एक बोटभर परी अडकली होती! तेरड्याच्या पाकळ्यांचा झगा, केसांत दवाचे मोती, आणि मोरपंखी पंख डिंकात पार चिकटलेले.

"घाई आहे गं," सुरंगी म्हणाली. "पण तुला अशी टाकून कशी जाऊ?"

चाकूने खरवडलं तर पंख फाटणार. डिंक भिजवूनच सोडवायला हवा. आणि भिजवायला फडकं एकच, काड्यांचं. सुरंगीने क्षणभर काड्यांकडे पाहिलं. मग फडकं सोडलं, झऱ्यात बुडवलं, आणि डिंकावर हळूहळू दाबत बसली. थेंब थेंब, धागा धागा. उन्हं पार झाडांच्या शेंड्यांवर गेली, तेव्हा कुठे दुसरा पंख सुटला. काड्या तोवर कोमेजून माना टाकून पडल्या होत्या.

परीने पंख झटकले. हिरवी, जांभळी, रुपेरी चमचम साऱ्या राईत उडाली.

"बाळे, तुझी एक इच्छा पुरी करीन मी," परी म्हणाली. "पण आमचे दोन नियम आहेत. गेलेलं परत आणता येत नाही. आणि तुझ्या हाताने बिघडलेलं तुझ्याच हाताने दुरुस्त करायचं."

"मग आई नाही का गं देता येणार?" सुरंगीने विचारलं. विचारताना तिला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"नाही गं राणी."

"आंबा उभा करशील?"

"तोही गेला, बाळ."

"आणि चाकू? धार लावल्यापासून वाकडंच कापतो."

"तो तुझ्या हाताने बिघडलाय."

सुरंगीने खिशातला चाकू काढून उघडला. झरा झुळझुळत होता. इतकं एकटं तिला आंबा पडला तेव्हाही वाटलं नव्हतं. ती म्हणाली, "आई मला कलम बांधायला शिकवणार होती, चाकूला धार लावण्यापासून. ते राहिलं. तेवढं दाखवशील?"

परीचे डोळे चमकले. "हे मात्र जमेल. त्या काळ्या गुळगुळीत दगडावर चाकू घासायला लाग. तू घासत असशील तोवर दिसेल. थांबलीस की संपलं. पुन्हा नाही दिसायचं, काही केल्या नाही."

सुरंगीने दगडावर पाणी शिंपडलं आणि पातं टेकवलं. आणि झऱ्याच्या निळ्या पाण्यात दोन हात दिसायला लागले. हिरव्या बांगड्या, अंगठ्यावर जुना व्रण, नखांत लाल माती. आईचे हात! चेहरा नाही, आवाज नाही, नुसते हात. पण सुरंगीने ते लाख हातांत ओळखले असते.

ते हात अगदी निवांत होते. त्यांनी पातं सपाट बाजूवर दगडाला पुरतं टेकवलं, जराही न उचलता, आणि गोल गोल फिरवलं. सुरंगीनेही फिरवलं. दगडावर काळसर पाणी उतरू लागलं, पात्याचं पोट झिजू लागलं. मग हातांनी पातं उलटलं, उतरत्या बाजूवर तिरकं धरलं, पुढे ढकललं, पुढे, नुसतं पुढे. सुरंगीनेही ढकललं. शेवटी सपाट बाजू एकदाच अलगद ओढली. धारेवर राहिलेली लोखंडाची बारीक किनार गळून पडली, आणि पातं लखलखलं.

झालं होतं. चाकू आईच्या हातात होता तसा झाला होता.

पण सुरंगी थांबली नाही.

थांबली असती तर हात गेले असते ना! ती घासतच राहिली, बांगड्या बघत, तो व्रण बघत. पात्याची कड झिजत चालली. अजून थोडंसं, अजून एकदाच.  परी सोनकीच्या फुलावर बसून नुसती पाहत होती.

सुरंगीने पात्याकडे पाहिलं. असंच घासत बसलं तर आईचा चाकू झिजून काडीएवढा होईल, आणि मग आंबा कशाने बांधायचा?  "आई," ती म्हणाली, "मी थांबते हं आता." आणि तिने हात उचलला.

पाणी पुन्हा नुसतं निळं झालं. सुरंगी ओंजळीत तोंड लपवून खूप रडली.

परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "मागायला पुष्कळ जण येतात गं," ती हळूच म्हणाली. "थांबणारी तूच भेटलीस. फडकं माझ्यासाठी सोडलंस म्हणून काड्या कोमेजल्या, पण अजून गेल्या नाहीत हं. घे, तुझ्या काड्या." तिने पंख एकदाच फडकवले. सोनेरी, गुलाबी, मोतिया उजेडाचा एक लोट उठला, राईतलं पान न् पान उजळलं, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली. दगडावर दोन काड्या होत्या, आत्ताच तोडल्यासारख्या ताज्या, टवटवीत.

सुरंगी धावत घरी आली. उकिरड्यावरच्या दोन रोपांना तिने चीर दिली, काड्यांना टोक काढलं. काप असा सरळ, की काडी चिरेत बसली ती बसलीच. उजेडाचा कणही दिसेना. तिने पट्टी बांधली आणि रोज सकाळी पाणी घालायला लागली.

तीन आठवड्यांनी दोन्ही काड्यांना तांबूस, चिमणीच्या जिभेएवढी पानं फुटली. शेतातली भांगलणी, म्हणजे तण काढायचं काम, संपलं म्हणून मामी त्या दिवशी घरी होती. ती परसात आली, कलमं पाहिली आणि तशीच चिखलात उकिरड्याकडेला बसली.

"हा तर वन्संचा आंबा!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि काप काय सुरेख गो. थेट त्यांच्या हातचा. तुला कुणी शिकवलं?"

सुरंगी मामीला टेकून बसली.

"आईनं," ती म्हणाली. "ये, तुलाही दाखवते."