उंबराचा राखणदार

आफ्रिकेच्या माळरानावर माणसांनी अजून वाटाही पाडल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट.

तिथल्या एका उंबरावर तांबटराव राहायचे. पोट लालभडक, पाठ काळीभोर, चोचीखाली दाढी. एवढं रूप मिळालंय म्हणजे झाडही आपलंच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दुसरं पाखरू फांदीवर टेकलं की ते अंगावर धावून जात. एकदा जांभळी मैना फळ खुडताना सापडली. तांबटरावांनी तिला पार खडकांपर्यंत पिटाळलं आणि त्या आनंदात चार उंबरं जास्त खाल्ली. त्यांनी टाकलेल्या बिया झाडाखालच्या गर्द सावलीत पडत आणि तिथेच कुजत; रोप एकही उगवत नसे. तांबटराव रोपं खात नसल्यामुळे त्यांना त्याचं काही वाटत नसे.

पुढे काही वर्षांनी म्हातारा उंबर वादळात आडवा झाला. उपाशी तांबटराव भटकत भटकत खडकांपाशी आले. तिथे फळांनी लगडलेला एक तरणा उंबर होता आणि त्यावर तीच मैना बसली होती.

"या तांबटराव, पोटभर खा," ती म्हणाली. "तुमच्याच झाडाचं पोर आहे हे. तुम्ही मला पिटाळलंत ना, तेव्हा फळ माझ्या चोचीतच होतं. इथे बसून खाल्लं, बिया इथेच पडल्या."

तांबटरावांनी खाली मान घालून खाल्लं. इतक्यात एका बुलबुलाने शेजारच्या फांदीवरचं उंबर खुडलं. तांबटराव सवयीने पंख फुलवून ओरडले, "कोण रे तो? चल, नीघ इथून!"

"पिटाळा की," मैना म्हणाली. "फक्त आधी त्याला फळ नीट धरू द्या."