आभाळातून आलेली मेढ

सावरखळे गावाच्या पूर्वेला माळावर एक जुने खळे आहे. खळे म्हटले की मधोमध लाकडाची मेढ आली. तिला बैलांची पात, म्हणजे एका दाव्यात जोडलेली रांग, बांधायची आणि कणसांवरून गोल गोल फिरवायची. या खळ्यात मात्र लाकूड नाही. मेढीच्या जागी कमरेएवढा काळा दगड रुतून बसला आहे. उन्हात हात लावला तर चटका बसतो आणि पहारीने ठोकला तर घंटेसारखा वाजतो. गावात मळणीयंत्रे कधीच आली, तरी माघात एक दिवस घरोघरचे बैल इथे जुंपतात. येताना प्रत्येक घर आपल्या खळ्यातले पाटीभर मातेरे, म्हणजे दाणे उचलून झाल्यावर उरलेली धूळमाती, आणून दगडाभोवती टाकते.

हे असे का, ते पाहुण्यांना सांगण्याचा मान पाटलांच्या घरातल्या द्वारकाआत्यांचा. मागे संकोचून उभ्या राहिलेल्या पाहुण्याला त्या आधी पुढे दगडापाशी बसवतात आणि मगच तोंड उघडतात.

फार पूर्वी म्हणे सावरखळ्यात आठच घरे होती. आठ घरे, आठ खळी. गावाचा कायदा साधा होता. ज्याने मेढ रोवली आणि शेवटच्या मळणीपर्यंत आपल्या खळ्यातून पायलीभर दाणा काढून दाखवला, तो गावकरी. बाकीच्यांनी मळणी संपली की वाट धरायची. आणि मेढीचे लाकूड तोडायचे तर ते फक्त देवराईतले, तेही आठही घरांच्या संमतीने. म्हणजे कायदा साधा असला तरी त्याची किल्ली आठ घरांच्याच कनवटीला होती.

अशा गावात एका माघात साळू नावाची बाई आली. दुष्काळाने तिचे गाव उठले होते, नवरा वाटेत गेला होता. सोबत होता फक्त चांद्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेला म्हातारा बैल. साळूने माळावर झोपडी घातली आणि सरळ पाटलांच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एक मेढ द्या पाटील. बाकी माझं मी बघते."

रायाजी पाटील माणूस वाईट नव्हते, पण पाटील होते. ते म्हणाले, "आठ हायेत तेवढ्या पुरं. तू मळणीला मजुरी कर, पोटाला घे, आन् मळणी सरली की निघ. तवर तुझा बैल बांध आमच्या पातीत. कडेला."

आता कडेला म्हणजे काय, ते ज्याने मळणी पाहिली आहे त्यालाच कळेल. मेढीजवळचा बैल जागच्या जागी वळल्यासारखा फिरतो, पण कडेच्या बैलाला त्याच फेरीत कितीतरी जास्त चालावे लागते. म्हणून थकलेला बैल आत आणि तगडा बैल कडेला, हा सगळ्या मुलखाचा रिवाज. सावरखळ्यात मात्र उपऱ्याचा बैल कडेला. चांद्या धापा टाकत फिरायचा आणि साळूचा जीव तुटायचा. आपण हाकलले गेलो तर हा पुढच्या गावापर्यंतही पोचायचा नाही, हे तिला पक्के ठाऊक होते. तरी ती रडली नाही. "मेढ मिळंल," असे ती ज्याला त्याला सांगायची आणि लोक हसायचे.

मळणी संपत आली आणि एका भर दुपारी आभाळ कडाडले. ढगाचा ठिपका नसताना पूर्वेकडून जळता लोळ आला, जमीन हादरली आणि साळूच्या झोपडीपासून हाकेच्या अंतरावर धुळीचा डोंगर उठला. धूळ बसली तेव्हा माळात काळा दगड रुतलेला दिसला.

गावाची बोबडी वळली. उपऱ्या बाईने हे संकट ओढवले, यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. गुरवाने उपाय सांगितला की प्रत्येक घराने आपले खळे झाडून तिथली माती या दगडावर टाकावी, तो दिसेनासा झाला की इडापिडा टळेल. आणि बाईने मळणी सरताच चालते व्हावे. झाले! लोकांनी घाईघाईने खळी खरवडली. भीती एवढी की चाळायला कोण थांबतो? पाट्याच्या पाट्या मातेरे लांबूनच दगडाच्या अंगावर फेकले आणि माघारी न बघता घरे गाठली.

साळू झोपडीच्या दारातून बघत होती. भीती तिलाही वाटली होती, खोटे कशाला बोला! पण सगळे गेल्यावर ती जवळ गेली, दगडाला हात लावला आणि मग मूठभर माती उचलून फुंकली. तळहातावर ज्वारीचे टपोरे दाणे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बघते तर दगडाभोवतीची जमीन चोपून, सारवून लख्ख झालेली. दगडाला दावे, दाव्याला चांद्या, आणि मागून साळू मातेरे पसरत, "हो रे माझ्या राजा" म्हणत चाललेली. ढेकळे फुटली, गोंडरात, म्हणजे कणसाच्या भुसकटात, अडकलेले दाणे सुटले. उन्हे कलली तसा वारा सुटला आणि तिने उपणायला घेतले. पायली भरली. शिगोशीग भरली आणि खाली रासही उरली.

पाटील गावासह धावत आले. "ह्यो दाणा आमचा हाय!"

"तुम्ही फेकला तवा कुनाचा व्हता?"

"आन् मेढ? ती कुनाला इचारून रोवली?"

"मी कुठं रोवली पाटील? ज्यानं सुर्व्याची रोवली त्यानंच ही धाडली." साळू सुपावर हात टेकून म्हणाली. "माझा बाप मेंढरामागं हिंडायचा, त्यो सांगायचा. आधी आभाळात नुसतं मातेरं व्हतं. देवानं मधी सुर्व्याची मेढ रोवली, समदं तिच्याभवती फिराया लागलं. फिरता फिरता धुळीला धूळ चिकटली, गोळं झालं. ही धरती त्यातलाच येक गोळा. तिला येकदा धडक बसली आन् तुकडं उडालं, त्याचा चांद झाला. म्हणून काय धरतीनं त्याला हाकलला? आपल्याभवती फिराया जागा दिली. ज्या खड्यांना कुठंच जागा घावली न्हाई, ती अजून भटकत्यात. त्यातला ह्यो येक. माझ्यावानीच."

पाटलांनी पायलीकडे पाहिले, दगडाकडे पाहिले, शेवटी धापा टाकणाऱ्या चांद्याकडे पाहिले आणि त्यांची मान खाली गेली. कायदा त्यांच्याच वाडवडिलांचा होता, संमतीची अट देवराईतल्या लाकडाला होती, दगडाला नव्हती, आणि बाईने तो अक्षरशः पाळला होता. त्यांनी गड्याला हाक मारून स्वतःचा पवळ्या बैल मागवला. उरलेले मातेरे मळायला तो साळूच्या खळ्यात आणून उभा केला आणि विचारले, "कुठं बांधू?"

साळू हसली. "कडेला बांधा पाटील."

मध्यंतरी शहरातून काही अभ्यासक आले होते. हा दगड सूर्याभोवती ग्रह घडले तेव्हाचा, घडता घडता उरलेला, असे ते म्हणाले. द्वारकाआत्यांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, "बरं झालं, साळूच्या बापाचं तुम्हालाही पटलं."

आजही माघातल्या त्या दिवशी गावात सगळ्यात नव्याने राहायला आलेल्या घराचा बैल काळ्या दगडाला लागून बांधतात. बैल नसेल तर त्या घरातला माणूस तिथे दाव्याला हात लावून फिरतो. आणि पाटलांचा बैल, कितीही म्हातारा असला तरी, आजही कडेलाच चालतो.