सालोमीने जहागीरदारांना उचलायला लावलेला भारा

"आत्ताच्या आत्ता उत्तर द्या, नाहीतर गोठा रिकामा करा!"

हैबतराव जहागीरदार कडाडले. गावातली ख्रिस्ती मंडळी त्यांच्याच रिकाम्या गोठ्यात प्रार्थनेला जमत. पुढच्या महिन्यात मंडळीतल्या सालोमीचं लग्नही तिथंच लागायचं होतं.

"काय वाचलंत मघाशी?" जहागीरदारांनी पाळकबुवांना विचारलं. "तुमचा प्रेषित मंडळीला लिहितो, एकमेकांची ओझी उचला. दोन-चार ओळींनी म्हणतो, ज्याचं ओझं त्यानंच वाहावं! मग दोन्ही एकाच वेळी पाळून दाखवा!"

"सरकार, मूळ भाषेत पाहिलं तर..." पाळकबुवांनी सुरुवात केली.

"मूळ भाषा मला येत नाही. मराठीत दाखवा!"

सालोमी पुढे झाली. "मी दाखवते, सरकार! पण तुम्हाला ओल्या गवताचा भारा डोक्यावर घ्यावा लागेल. जमणार नसेल तर राहू द्या."

"जमणार नसेल? मला? आण भारा!"

मंडळीतल्या दोघांनी चांगला मोठा भारा आणून टाकला. जहागीरदार वाकले. भारा गुडघ्यापर्यंत आला आणि घसरला. पुन्हा वाकले, तर पागोटंच गवतात पडलं! हुजऱ्या खंडू धावला, "द्या सरकार, मी नेतो."

"अंहं! ज्याचं ओझं त्यानंच वाहायचं!" सालोमीनं त्याला अडवलं.

तिसऱ्यांदा भाऱ्यानं जहागीरदारांनाच आडवं केलं. ते घामाघूम होऊन ओरडले, "अगं, बघत काय उभी राहिलीस? जरा हात लाव की!"

"एवढंच ना!" एका बाजूनं सालोमी, दुसऱ्या बाजूनं खंडू. भारा झपकन डोक्यावर चढला. जहागीरदार तोऱ्यात अंगणभर फिरले.

"झाली की दोन्ही वचनं पाळून!" सालोमी म्हणाली. "ओझं तुमचं, तुम्हीच वाहताय. पण ते डोक्यावर चढवायला माणसं लागली!"

जहागीरदार थबकले. मग असे खदखदून हसले, की भारा गदागदा हलू लागला. "हरलो गं पोरी! उतरव आता!"

"आणि गोठा, सरकार?"

"दिला! कायमचा दिला!"

"वरून गळतो हो..."

"नवी कौलं घालतो!"

"दाराला फळ्या नाहीत..."

"सागवानी दार लावतो! लग्नाचं जेवणही माझ्याकडून!" हसून हसून जहागीरदारांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण हात लाव गं बाई, आधी हात लाव!"